मुलांचा श्वास आणि श्वासनलिकेतील नळी : आणीबाणीतील श्वसनमार्ग-व्यवस्थापनाचा आढावा

प्रौढ माणसाचे हृदय अचानक बंद पडते तेव्हा त्याचे कारण बहुधा हृदयातच असते; लहान मुलाचे हृदय बंद पडते तेव्हा मात्र बहुतेक वेळा त्याआधी काही मिनिटे किंवा काही तास श्वासाची झुंज चाललेली असते, रक्तातील प्राणवायू घटत गेलेला असतो आणि त्याच्या अभावी थकलेले हृदय शेवटी मंदावून थांबलेले असते. न्यूमोनिया, दमा, घशात अडकलेला शेंगदाणा, न थांबणारे झटके, डोक्याला लागलेला मार, बुडणे, सर्पदंश ही कारणे वरवर पाहता कितीही वेगळी असली तरी शेवटी ती मुलाला याच मार्गाने मृत्यूकडे नेतात, आणि म्हणून बालकांच्या आपत्कालीन उपचारांत श्वासाच्या रक्षणाला पहिले स्थान आहे. नाक-तोंडापासून फुप्फुसांपर्यंत हवा नेणारा मार्ग मोकळा ठेवणे, मुलाचा स्वतःचा श्वास अपुरा पडत असेल तर बाहेरून श्वास देणे आणि गरज भासल्यास स्वरयंत्रातून श्वासनलिकेत नळी बसवणे या सर्व क्रियांना मिळून श्वसनमार्ग-व्यवस्थापन म्हणतात. त्यांतील शेवटची क्रिया म्हणजे इंट्यूबेशन.

नळी घालता येणे हीच या विद्येची परमावधी, असे वैद्यकीय शिक्षणात दीर्घकाळ मानले गेले. गेल्या पंचवीस वर्षांतील संशोधनाने ही समजूत काळजीपूर्वक तपासली असून त्यातून पुढे येणारा निष्कर्ष असा की, मूल वाचते ते वेळेवर पोहोचलेल्या प्राणवायूमुळे. नळी हे तो पोहोचवण्याच्या साधनांपैकी एक साधन आहे, काही आजारांत अपरिहार्य आणि काही प्रसंगी घातक.

घटसर्पापासून हातातल्या बॅगेपर्यंत

या विद्येचा आरंभच मुलांच्या आजारातून झाला. घटसर्पात घशात जमणाऱ्या जाड पडद्यामुळे मुले गुदमरून मरत, आणि त्यांना वाचवण्यासाठी फ्रान्समधील ब्रेतोनो यांनी १८२५ मध्ये गळ्याला छेद देऊन श्वासनलिका उघडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. छेद न देता तोंडावाटे धातूची नळी बसवण्याची कल्पना बूशू यांनी १८५८ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे मांडली, परंतु त्रूसोसारख्या दिग्गजाच्या विरोधामुळे ती मागे पडली. पुढे न्यूयॉर्कमधील अनाथ बालकांच्या रुग्णालयात जोसेफ ओड्वायर यांनी अनेक अपयशे पचवून स्वरयंत्रात बसणाऱ्या नळ्या घडवल्या आणि १८८५ मध्ये आपले काम प्रसिद्ध केले. घटसर्पावरचे प्रतिविष हाती येण्यापूर्वीच्या त्या वर्षांत अनेक मुलांचे प्राण या नळ्यांनी वाचवले.

दुसरा निर्णायक टप्पा १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत आला. बियोर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी बसवून रबरी बॅग हाताने दाबत तिला श्वास दिला, आणि नंतर शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून अशाच रीतीने रुग्णांचे श्वास चालवले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम या घटनेत मानला जातो. दाब सोडल्यावर आपोआप फुगणारी आणि ऑक्सिजनचे सिलिंडर नसतानाही चालणारी बॅग रूबेन आणि हेस्से यांनी डेन्मार्कमध्येच १९५६ च्या सुमारास तयार केली, आणि तीच पुढे अँबू बॅग या नावाने जगभरच्या रुग्णालयांत पोहोचली. नळी आणि बॅग हे या इतिहासाचे दोन प्रवाह असून त्यांतील पहिल्याला प्रतिष्ठा मिळाली, दुसऱ्याचे मोल मात्र उशिरा ओळखले गेले.

लहान शरीराची वेगळी रचना

लहान मूल म्हणजे आकाराने छोटा केलेला प्रौढ नव्हे, हे बालवैद्यकातील वचन श्वसनमार्गाच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मागच्या बाजूला फुगीर असल्यामुळे सपाट पृष्ठभागावर ठेवताच मान पुढे वाकते आणि मार्ग बंद होऊ लागतो; म्हणूनच खांद्यांखाली घडी केलेले फडके ठेवल्याने कित्येकदा श्वास सुधारतो. जीभ मोठी, स्वरयंत्र मानेत वरच्या पातळीवर आणि गिळताना स्वरयंत्रावर झाकणासारखा येणारा पडदा लांब व लवचीक असल्याने नळी घालणाऱ्याला स्वरतंतू दिसणे अवघड जाते. नवजात बाळाची श्वासनलिका जेमतेम ४ ते ५ सेंटिमीटर लांब असते, त्यामुळे नळी थोडी आत सरकली तरी ती उजव्या फुप्फुसाच्या शाखेत शिरते आणि थोडी बाहेर आली तर पूर्णच निसटते. हनुवटी छातीकडे झुकली की नळीचे टोक आत जाते आणि मान मागे गेली की ते वर येते.

रचनेपेक्षाही शरीरक्रियेतील फरक अधिक कठोर आहे. प्रौढाला दर किलो वजनामागे मिनिटाला ३ ते ४ मिलिलिटर प्राणवायू लागतो, तर तान्ह्या बाळाला ६ ते ८ मिलिलिटर. शिवाय श्वास सोडल्यानंतर फुप्फुसांत उरणारा हवेचा साठा बाळात सहज घटतो. साठा तोकडा आणि खर्च दुप्पट, या हिशेबामुळे शुद्ध ऑक्सिजन भरपूर दिल्यानंतरही श्वास थांबलेल्या निरोगी बाळाच्या रक्तातील प्राणवायूची पातळी दीड-दोन मिनिटांत कोसळू लागते, आणि फुप्फुसे आजारी असतील तर तेवढीही मुदत मिळत नाही. मार्गाचा व्यास ४ मिलीमीटर असलेल्या बाळात सर्व बाजूंनी केवळ १ मिलीमीटर सूज आली तर हवेला मिळणारी जागा पाऊणपट कमी होते आणि संथ प्रवाहातील अडथळा सोळापट वाढतो, कारण हा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. प्रौढाचा आवाज फक्त बसवणारी सूज बाळाचा श्वास कोंडते ती यामुळेच.

ओळख आणि पहिली मिनिटे

श्वास धोक्यात आहे हे मुलाच्या शरीरावर स्पष्ट दिसते: श्वासाची गती वाढते, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांमधील आणि छातीखालील भाग आत ओढला जातो, बाळ प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कण्हते. यानंतर धाप एकाएकी मंदावली आणि मूल शांत झाले तर घरच्यांना ते बरे वाटल्याचे चिन्ह वाटते, प्रत्यक्षात मात्र ते स्नायू थकल्याचे आणि श्वास बंद पडण्याच्या बेतात असल्याचे लक्षण असते. ग्लानी, निळसरपणा आणि नाडी मंदावणे या त्यापुढील पायऱ्या होत.

घशात वस्तू अडकलेल्या मुलाच्या बाबतीत पहिला उपचार घरातल्यांच्याच हातात असतो. मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे; खोकला क्षीण होऊन आवाज फुटेनासा झाला तर एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून पाठीवर ५ थापा आणि मग उताणे करून छातीवर ५ दाब आळीपाळीने द्यावेत, आणि त्याहून मोठ्या मुलाला पाठीवर ५ थापा व मग पोटावर बेंबीच्या वर आत-वर असे ५ दाब आळीपाळीने द्यावेत. मूल बेशुद्ध पडले तर लगेच छाती दाबण्यास आरंभ करून मदत बोलवावी. न दिसणाऱ्या वस्तूसाठी तोंडात अंदाजाने बोट फिरवणे सर्वस्वी टाळावे, कारण त्याने वस्तू आणखी खोल जाते.

रुग्णालयात पहिले स्थान बॅग आणि मास्कचे आहे. नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या खाचेपर्यंत बसणारा आणि डोळ्यांवर न येणारा मास्क निवडणे, जबडा मास्ककडे उचलून धरणे, हनुवटीखालच्या मऊ भागावर बोटे न दाबणे आणि छाती जेमतेम उचलली जाईल इतकीच हवा देणे, ही या कौशल्याची चार अंगे आहेत. जोराने व घाईने बॅग दाबल्यास हवा पोटात जाते, फुगलेले पोट श्वासपटलाला वर ढकलते आणि फुप्फुसांना जागा उरत नाही. अशा वेळी नाकातून जठरात घातलेली साधी नळी पोटातली हवा काढून श्वासाची वाट मोकळी करते. एकट्याला मास्क नीट बसवता येत नसेल तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा आणि दुसऱ्याने बॅग दाबावी, ही दोघांची पद्धत अधिक परिणामकारक ठरते.

नळी घालायची की नाही

या प्रश्नावरील सर्वांत महत्त्वाचा अभ्यास २००० साली अमेरिकेतून प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिस आणि ऑरेंज या काउंटींमध्ये रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांनी १२ वर्षांपर्यंतच्या ८३० मुलांपैकी काहींना केवळ बॅग-मास्कने श्वास दिला, तर काहींच्या बाबतीत नळी घालण्याचाही मार्ग मोकळा ठेवला. जिवंत राहण्याचे प्रमाण आणि मेंदूचे कार्य या दोन्ही कसोट्यांवर नळीच्या गटाला कोणताही लाभ झाला नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रुग्णालयातच हृदय बंद पडलेल्या मुलांच्या नोंदींच्या विश्लेषणात, छाती दाबण्याच्या काळात नळी घातलेल्यांपैकी ३६ टक्के आणि तुलनेच्या गटातील ४१ टक्के मुले जिवंत घरी गेली. हा दुसरा अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने त्यातून कार्यकारणाचा निवाडा करता येत नाही. तरीही बॅग-मास्कने छाती नीट हलत असेल तर नळीसाठी छातीवरचे दाब थांबवू नयेत, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

नळी टाळण्याचे मधले उपायही आता उपलब्ध आहेत. श्वास सोडतानाही फुप्फुसांत सौम्य दाब टिकवणारी, पाण्याच्या बाटलीत बुडवलेल्या नळीवर चालणारी बबल सीपॅप ही स्वस्त पद्धत ढाक्यातील अभ्यासात, २०१५ च्या अहवालानुसार, गंभीर न्यूमोनियाच्या मुलांसाठी जीवरक्षक ठरली: साध्या ऑक्सिजनवर १५ टक्के मुले दगावली, तर बबल सीपॅपवर ४ टक्के. मात्र मलावीतील एका जिल्हा रुग्णालयात, जिथे डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती, तिथे २०१९ च्या अहवालात हेच प्रमाण उलटले आणि सीपॅपच्या गटात १७ टक्के, तर साध्या ऑक्सिजनच्या गटात ११ टक्के मृत्यू झाले. तंत्र जवळपास तेच असताना परिणाम इतके वेगळे आले, म्हणून उपकरणाची शिफारस करताना त्याभोवतीच्या मनुष्यबळाचा विचार वगळता येत नाही.

तरीही काही प्रसंगी नळीला पर्याय नसतो: स्वतःचा मार्ग सांभाळता न येण्याइतके मूल खोल बेशुद्ध असणे, भाजल्यामुळे वरच्या मार्गाला सूज चढत जाणे, सर्व उपाय करूनही श्वास अपुरा राहणे, आणि विषाने स्नायू लुळे पडणे. मण्यारीचा दंश हे याचे ठळक उदाहरण आहे. तिचे विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करते, त्यामुळे एकदा आलेला लुळेपणा प्रतिविषाने लगेच उतरत नाही, आणि मूल आतून शुद्धीवर असूनही पापणीदेखील हलवू शकत नाही. अशा मुलाचा श्वास काही दिवस नळीतून चालवला तर ते पूर्ण बरे होऊन घरी जाऊ शकते.

तयारी आणि औषधे

आणीबाणीतील इंट्यूबेशनमधील बरेचसे अपघात नळी घालण्यापूर्वीच्या त्रुटींतून होतात. नळी घालण्यासाठी दिलेल्या औषधाने मूल झोपताच त्याचा रक्तदाब पडतो आणि बाहेरून दिलेल्या दाबाने हृदयाकडे येणारे रक्त आणखी घटते, म्हणून निर्जलीकरण किंवा जंतुसंसर्गाने खालावलेल्या मुलाला आधी सलाइन आणि रक्तदाब वाढवणारी औषधे देऊन सावरावे व मग नळी घालावी, हा नियम आता सर्वमान्य आहे. रक्तदाब तुलनेने टिकवून धरणारे केटामाइन, किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, हे बहुतांश ठिकाणी पहिल्या पसंतीचे औषध ठरले असून अत्यवस्थ मुलात त्याची मात्रा कमी केली जाते. स्नायू सैल करण्यासाठी सक्सामेथोनियम जलद काम करते, परंतु स्नायुक्षयाचा सुप्त आजार असलेल्या मुलांत ते रक्तातील पोटॅशियम एकाएकी वाढवून हृदय थांबवू शकते आणि कीटकनाशकाच्या विषबाधेत त्याचा परिणाम लांबतो. म्हणून किलोमागे १ ते १.२ मिलिग्रॅम रोक्युरोनियम हा पर्याय रूढ होत आहे. त्याचा परिणाम बराच वेळ टिकत असल्यामुळे, नळी बसली नाही तर आपल्याला बॅग-मास्कने हे मूल सांभाळता येईल का, याचा विचार औषध देण्याआधीच व्हायला हवा.

प्रौढांना औषध दिल्यानंतर नळी बसेपर्यंत मधला श्वास न देण्याची जुनी पद्धत मुलांना मानवत नाही, कारण तेवढ्यातच त्यांची ऑक्सिजन पातळी घसरते. म्हणून मधल्या काळात हलक्या दाबाने श्वास देत राहण्याची सुधारित पद्धत आता शिकवली जाते. नाकावाटे ऑक्सिजनचा वेगवान झोत चालू ठेवण्याचाही लाभ दिसला आहे: ऑस्ट्रेलियातील २०२२ च्या अभ्यासात अशा झोतासह नवजात बाळांत पहिल्याच प्रयत्नात आणि पातळी न घसरता नळी बसण्याचे प्रमाण ३१.५ वरून ५० टक्क्यांवर गेले. जठरातील द्रव वर येऊ नये म्हणून सेलिक यांनी १९६१ मध्ये सुचवलेला गळ्यावरचा दाब मात्र मुलांचे मऊ स्वरयंत्र चेपतो, त्यामुळे तो नेहमी द्यावा असे आता सांगितले जात नाही.

साधनांविषयीचे वाद

मुलांच्या श्वसनमार्गाची सर्वांत अरुंद जागा स्वरतंतूंच्या खाली, अंगठीसारख्या मुद्रिका कूर्चेपाशी असते, ही धारणा १९५१ मधील एका लेखातून रूढ झाली आणि तिच्या आधारे आठ वर्षांखालील मुलांना टोकाशी फुगा नसलेलीच नळी घालण्याचा प्रघात पडला. तो लेख एकोणिसाव्या शतकातील शवांच्या साच्यांवर विसंबला होता. जिवंत मुलांची २००३ पासूनची एमआरआय आणि दुर्बिणीची निरीक्षणे सांगतात की सर्वांत अरुंद जागा स्वरतंतूंच्या पातळीजवळ असते. मुद्रिका कूर्चेचे कडे मात्र ताठ असल्यामुळे इजा तिथेच होण्याची शक्यता उरते. युरोपातील २४ केंद्रांतील २,२४६ मुलांच्या २००९ च्या अभ्यासाने व्यावहारिक निकाल दिला: नळी काढल्यानंतर घशात घरघर होण्याचे प्रमाण दोन्ही प्रकारांत साडेचार टक्क्यांच्या आसपास होते, पण माप चुकल्यामुळे नळी बदलावी लागण्याचे प्रमाण फुग्याच्या नळीत २.१ आणि बिनफुग्याच्या नळीत ३०.८ टक्के होते. त्यामुळे फुग्यातील दाब २० सेंटिमीटर पाण्याच्या आसपास राखण्याच्या अटीवर फुग्याची नळी आता पसंत केली जाते. दोन वर्षांपुढील मुलासाठी वयाचे वर्ष भागिले ४, अधिक ३.५ हे तिच्या आतील व्यासाचे मिलीमीटरमधील सोपे सूत्र असून, त्याच्या अर्धा मिलीमीटर वरची व खालची नळी हाताशी ठेवावी लागते.

स्वरतंतू पाहण्यासाठी घशात घालायच्या लॅरिंगोस्कोपचे मिलर यांचे १९४१ चे सरळ आणि मॅकिंटॉश यांचे १९४३ चे वक्र पाते यांतील निवड पुष्कळ अंशी सवयीची आहे. खरा बदल पात्याच्या टोकाशी कॅमेरा असलेल्या व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने घडवला. शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या तान्ह्या बाळांच्या २०२० च्या अभ्यासात त्याने पहिल्या प्रयत्नातील यश ८८ वरून ९३ टक्क्यांवर नेले, तर डब्लिनमधील नवजात बाळांच्या २०२४ च्या अभ्यासात ४५ वरून ७४ टक्क्यांवर. शिकाऊ डॉक्टरला जे दिसते ते वरिष्ठालाही त्याच वेळी पडद्यावर दिसते, हा त्याचा आणखी एक मोठा लाभ आहे.

खात्री आणि अवघड मार्ग

अन्ननलिकेत गेलेली नळी वेळीच न ओळखणे हा या क्षेत्रातील अक्षम्य अपघात होय. छाती हलताना दिसणे, आवाज ऐकू येणे, नळीत बाष्प दिसणे ही चिन्हे फसवी ठरू शकतात. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आलेख दाखवणारा कॅप्नोग्राफ हाच विश्वासार्ह साक्षीदार आहे. सर्व वयांच्या रुग्णांचा समावेश असलेल्या ब्रिटनमधील २०११ च्या राष्ट्रीय पाहणीत, अतिदक्षता विभागात श्वसनमार्गाच्या गुंतागुंतीतून झालेल्या मृत्यू किंवा मेंदूच्या इजेच्या ७४ टक्के घटनांत कॅप्नोग्राफ न वापरणे हे एक कारण आढळले. नळी बसल्यानंतर मूल अचानक खालावले तर नळी सरकली का, तुंबली का, फुप्फुसाभोवती हवा साचली का आणि यंत्र बिघडले का, हे चार प्रश्न याच क्रमाने तपासावेत.

नळी बसत नसेल तर प्रयत्नांची संख्या हीच धोक्याची मोजपट्टी ठरते. अमेरिकेतील १३ रुग्णालयांत अवघड ठरलेल्या १,०१८ मुलांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत दोनपेक्षा अधिक प्रयत्नांचा गुंतागुंतीशी थेट संबंध दिसला. प्रत्येक प्रयत्नाने सूज आणि रक्तस्राव वाढतो आणि ज्या मास्कने आतापर्यंत श्वास जात होता तोही निकामी होऊ लागतो. म्हणून ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शनातही प्रयत्न मर्यादित ठेवणे, मधल्या काळात ऑक्सिजन चालू ठेवणे, मदत लवकर बोलावणे आणि ब्रेन यांनी १९८० च्या दशकात आणलेला, घशात स्वरयंत्रावर बसणारा लॅरिंजियल मास्क वेळेवर वापरणे यांवर भर आहे. गळ्यातून मार्ग काढण्याचा शेवटचा उपाय बाळांत अत्यंत कठीण असतो, कारण जिथे सुई टोचायची तो पडदा नवजात बाळात जेमतेम ३ मिलीमीटर उंचीचा असतो.

महाराष्ट्रापुढील प्रश्न

या पुराव्याचा महाराष्ट्राशी असलेला संबंध जुना आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले, त्यात जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याचाही समावेश होता; १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे यश साऱ्या उपचारसंचाचे आहे, तरी श्वास देण्याचे मूलभूत कौशल्य रुग्णालयाच्या भिंतींबाहेर, गावातल्या हातांत सुरक्षितपणे नेता येते हे त्याने सिद्ध केले. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात बॅग-मास्कने श्वास देण्याचे शिक्षण २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमातून देशभर दिले जाते. महाडचे हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशात प्राझोसिनचा उपयोग १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडला आणि फुप्फुसांत पाणी भरून गुदमरणाऱ्या कोकणातल्या मुलांचे मृत्यू त्यामुळे झपाट्याने कमी झाले. योग्य औषध वेळेवर मिळाले की नळीची वेळच टळते, याचे हे ठोस प्रमाण आहे.

परदेशी साधने जशीच्या तशी स्वीकारण्यातही सावधगिरी हवी. मुलाच्या उंचीवरून वजन आणि औषधाची मात्रा सुचवणारी ब्रोसेलो पट्टी अमेरिकी मुलांच्या मापांवर बेतलेली असल्याने भारतीय मुलांचे वजन ती पुष्कळदा जास्त दाखवते; कुपोषित मुलाच्या बाबतीत ही चूक मात्रेतही उतरते, म्हणून शक्य तिथे मूल प्रत्यक्ष वजनकाट्यावर ठेवावे.

उपलब्ध पुराव्याचा एकत्रित अर्थ लावला तर प्राधान्यक्रम स्पष्ट होतो. इंट्यूबेशनचे कौशल्य सतत सरावातच टिकते, त्यामुळे ते जिथे रोज वापरले जाते अशा केंद्रांत वाढवावे, तिथे व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आणि कॅप्नोग्राफ यांना चैनीची वस्तू मानू नये. आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, प्रसूतिगृहात व रुग्णवाहिकेत बाळाच्या मापाचे मास्क, चालू स्थितीतील बॅग, सक्शन, ऑक्सिजन आणि पल्स ऑक्सिमीटर असलेच पाहिजेत, तसेच डॉक्टरांपासून परिचारिकांपर्यंत सर्वांचा पुतळ्यावरचा सराव ठरावीक काळाने झालाच पाहिजे. मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता लांब असलेल्या तालुक्यात मुलाचे भवितव्य बहुतेक वेळा तिथे भेटणाऱ्या पहिल्या माणसाला बॅग-मास्क नीट धरता येतो की नाही यावर ठरते, आणि बालमृत्यू खरोखर कमी करायचे असतील तर शासनाने आणि वैद्यकीय शिक्षणाने या कौशल्यावरचा खर्च सर्वांत आधी करायला हवा.